डावीकडची चटणी

राजधानी झाल्यापासून रायपुरात स्कूटरींचा सुळसुळाट झाला, तसे माझ्या ब्राह्मणपाऱ्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात धडकून आलेले पेशंटही वाढले. नरहरी त्यातलेच. रेल्वेतून निवृत्त, विधुर. गोल बाजारात दोनदा धक्का खाल्लेला, दोन्ही वेळा डावीकडूनच.

एकेक डोळा झाकायला लावून मी समोर बोटं हलवली. दोन्ही डोळ्यांना उजवीकडची दिसली, डावीकडची नाही. दोन्ही डोळ्यांची एकच बाजू जाते तेव्हा दोष डोळ्यांत नसतो, मागे मेंदूत असतो. डावी गेली तर उजव्या अंगाला. स्कॅनमध्ये गाठ नेमकी तिथंच निघाली. खोटं कशाला बोलू, निदान बरोबर निघालं म्हणून मला बरं वाटलं.

"म्हणजे ताटातली चटणी-कोशिंबीर तशीच राहत असेल तुमची," मी चेष्टेनं म्हटलं.

"नाही जी, संपते. पण मी नाही खात." ते लाजले. "वनमाला, माझी बायको, माझ्या डाव्या अंगाला बसून माझ्याच ताटातली चटणी उचलाची. अजूनही उचलून राहिली."

मेंदू रिकाम्या जागा आपल्या मनानं भरतो, हे मला पाठ आहे. मी ऑपरेशनचं बोलले.

"मग डावीकडचं दिसन?"

"दिसेल."

"मग नको. रिकामा पाट पाहाचा नाही मले."

मला राग आला. दवाखान्यावरच्या माझ्या घरीही माझा नवरा पराग गेल्यापासून एकच ताट असतं. मी काय मेले? "जीव जाईल तुमचा. हट्ट सोडा," मी दरडावलं.

त्यांनी ऐकलं. गाठ निघाली, नजर परत आली. महिन्याभरानं ते जवसाच्या चटणीची बरणी घेऊन आले.

"सारं दिसते, डॉक्टरबाई. कोणीच नाही तिथं. चटणी तशीच राहते, तुम्हीच ठेवा."

मला जवस आवडत नाही. परागला फार आवडायचा. रविवारी दुपारी, ताट भरल्यासारखं वाटावं म्हणून, थोडी चटणी डावीकडे वाढून घेतली.

मी तिला हातही लावला नाही. उठताना मान वळवून पाहिलं, तर चटणी नव्हती.

एक डोळा झाकला. डावा हात लांब करून बोटं हलवली.

दिसली नाहीत.

दुसरा डोळा झाकला.

नाहीच.

सर्जनचा नंबर मला पाठ आहे. फोन उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि ठेवून दिला.

मग बरणी उघडली आणि चाचपडत, डावीकडे, पुन्हा चटणी वाढली.