आईच्या कानाची रेघ

डॉक्टर आले ते तणतणतच. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. टेबलावरची भाऊजींची वही ओढून त्यांनी हॉस्पिटलचा पत्ता लिहिला, तो इतक्या जोरात की कागद दोन ठिकाणी फाटला.

"चोरी झाली आहे," ते म्हणाले. "उद्या सकाळी आठला ऑपरेशन, आणि कोणीतरी माझ्या पेशंटचा कान पळवला."

भाऊजींनी नकळत स्वतःचा कान चाचपला. वहिनींनी फक्त भुवई उचलली. खासगी तपासाचं काम त्या वीस वर्षं करत होत्या. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, नोकरीतून निवृत्त झाल्यापासून सोबत येत, गाडी चालवत आणि टिपणं काढत. नको तीच टिपणं काढतात, अशी वहिनींची तक्रार होती.

हकीगत अशी. अकरा वर्षांची मुलगी. जन्मापासून दोन्ही कानांच्या जागी नुसती मांसाची बारीक गाठ. ऐकू यायचं ते कपाळाच्या पट्टीवरच्या यंत्रातून, चष्मा बसायचा तो डोक्यामागे रिबीन बांधून. डॉक्टर अशा मुलांना बरगडीची कूर्चा घेऊन कान कोरून देत. एक कान धड असला तर त्याचीच रेघ पारदर्शक फिल्मवर काढायची आणि फिल्म उलटी करून नमुना घ्यायचा. हिला दोन्ही नव्हते, म्हणून गेल्या वर्षी आईचा कान गिरवला होता. त्यानंतर चार महिन्यांनी आई गेली.

"आज दुपारी लिफाफा उघडला, तर आत कोरी फिल्म. आईच्या सगळ्या फोटोंत कानांवर केस. वडिलांचा कान गिरवू म्हटलं, तर पोरगी म्हणते, आईचा नसेल तर मला कानच नको. दोनदा ऑपरेशन पुढे ढकललंय. आता ढकललं तर ती पुन्हा यायची नाही. मी काय करू, सांगा."

हॉस्पिटलची लिफ्ट बंद होती. चार मजले चढून भाऊजींचा जीव मेटाकुटीला आला, आणि वर थिएटरच्या सिस्टर आधीच पेटलेल्या होत्या. लिफाफ्यात ठेवल्यापासून त्यांनी फिल्मला हातही लावला नव्हता. निर्जंतुक करायची ती ऑपरेशनच्या सकाळी, त्याआधी लिफाफ्यातच राहते. त्यांचं काम एवढंच, की धुतलेल्या जुन्या एक्सरेच्या फिल्म्स कापायच्या आणि रेघ काढून झाली की वरचा एक कोपरा तिरका छाटायचा, म्हणजे सुलटी बाजू कळते. ही युक्ती त्यांची स्वतःची होती आणि कोणालाही सांगितलेली नव्हती.

"सांगून करायचं काय? इथं कोण ऐकतं माझं? मार्कर तरी जपून वापरा म्हणून डॉक्टरांना किती वेळा सांगितलं. दाबून दाबून टोक आत घालवतात, मग टोकाभोवतीच्या नुसत्या पत्र्याने ओरबाडत बसतात. त्या आईचा कानसुद्धा दिवसभर लाल होता बिचारीचा."

लिफाफ्यातली कोरी फिल्म वहिनींनी बोटांत धरून पाहिली. तिचाही कोपरा तिरका छाटलेला होता. चोर भलताच व्यवस्थित दिसतो, असं भाऊजींनी लिहून घेतलं.

ज्युनियर डॉक्टर बाईंनी आडपडदा ठेवला नाही. फिल्म सोडून कॉम्प्युटरवर नमुने करावेत म्हणून त्या वर्षभर भांडत होत्या, तेव्हा संशय आपल्यावर येणार हे त्यांना ठाऊक होतं. परवा संध्याकाळी रेघ जागेवर होती, त्यांनी स्वतः पाहिली होती. त्यानंतर फाइल तपासण्यांसाठी मुलीच्या वडिलांबरोबर वॉर्डात गेली आणि काल परत आली.

वडील वॉर्डात खाटेशी उभे होते. वहिनींना खुर्ची देण्याआधी त्यांनी ती कापसाने पुसली, मग खाटेचा गज पुसला, मग स्वतःचे हात. बोटांची कातडी पांढरी पडून भेगाळली होती आणि स्पिरिटचा वास दारापर्यंत येत होता. गेल्या खेपेला मुलीच्या डोक्यावर गळू झालं, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना वॉर्डभर ऐकू जाईल असं झापलं होतं.

सगळ्यांत जास्त संतापलेले तेच होते. एकेकाची झडती घ्या, पोलिसांना बोलवा, असा त्यांचा घोषा चालला होता. आपण लिफाफा उघडलाच नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं.

मुलगी उशीला टेकून बसली होती. तिने वहिनींना एवढंच सांगितलं, की परवा रात्री तिने ती फिल्म डोक्याला लावून आरशात बघितली. "बाबा म्हणाले, हाताळू नकोस, उद्या डॉक्टर ओरडतील."

वडील खिडकीबाहेर पाहू लागले.

जिना उतरताना भाऊजी वैतागले. "तीन तास झाले, वहिनी. तिघांवर संशय आणि हातात काय, तर कोरी फिल्म."

"तुमची वही द्या," वहिनी म्हणाल्या. "आणि पुन्हा वर चला."

भाऊजींनी मान वर करून जिन्याकडे पाहिलं. त्यांना रडू यायचंच बाकी होतं.

डॉक्टरांच्या खोलीत सगळे जमले. वडील मुलीलाही घेऊन आले.

"चोरी झालेलीच नाही," वहिनींनी सुरुवात केली. "चोराने दुसरी फिल्म ठेवली असती, तर तिचा कोपरा छाटलेला नसता. ती खूण फक्त सिस्टरना माहीत. आणि त्यांनाच अदलाबदल करायची असती, तर कोपरा छाटून स्वतःकडे बोट कशाला दाखवतील? ही तीच फिल्म आहे. रेघ पुसली गेली. मार्करची शाई पाण्याने जात नाही, स्पिरिटने जाते."

त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. तशी गरजही पडली नाही.

"मी पुसली," वडील म्हणाले. "तिचे हात लागले होते. परत काही झालं असतं तर... एकदाच कापूस फिरवला. सगळी रेघ कापसावर आली. तिच्या आईची शेवटची खूण होती ती, आणि मी..."

डॉक्टर ताडकन उठले. मग वडिलांच्या भेगाळलेल्या बोटांकडे पाहून पुन्हा खाली बसले. खुर्ची पुसा, हात पुसा, हाताळलेली प्रत्येक वस्तू पुसा, हे त्यांनीच ओरडून शिकवलं होतं.

वहिनींनी भाऊजींची वही उघडली. पत्ता लिहिलेलं पान भाऊजींनी निघतानाच फाडून खिशात घातलं होतं. टिपणं त्यांनी मागच्या पानांवर काढली होती, त्यामुळे त्याखालचं पान कोरंच होतं. त्यांनी टेबलावरचा टॉर्च आडवा धरला आणि कागदावर पत्ता उमटला, अक्षर न् अक्षर.

"तुमचा हात जड आहे, डॉक्टर. आज पहिल्यांदाच त्याचा उपयोग होणार आहे."

फिल्म काळ्या कागदावर ठेवली. टॉर्च वडिलांनी हातात घेतला. त्यांनी तो थेट वरून धरला, म्हणून आधी काहीच दिसेना. सिस्टरनी त्यांचं मनगट धरलं. मग उजेड तिरका पडला आणि एक बारीक ओरखडा चकाकला, पाळीपासून वर, वळसा घेऊन आत.

मुलीने त्यावर बोट फिरवलं. "इथं वर जरा टोक आहे. आईचं होतं तसंच."

डॉक्टरांनी नवं मार्कर मागितलं आणि अगदी हलक्या हाताने, श्वास रोखून, ती रेघ पुन्हा गिरवली.

"बाबा," मुलगी म्हणाली, "आता पुसू नकोस हं."

वडिलांनी खिशातली स्पिरिटची बाटली काढून सिस्टरच्या हातात दिली.