नकाराचा नियम

चार्जर तिसऱ्यांदा तपासला तेव्हा कुठे कप्तानच्या लक्षात आलं, की तिचा प्लग कुणीतरी काढून ठेवलाय.

टेबलाखालून एक मुलगा रांगत बाहेर आला. केसांत धूळ, दातांत स्क्रू.

"मीच काढला. दोन मिनिटांसाठी."

"विचारायचं तरी."

"विचारणार होतो... पण तू तुझ्या रोबोटशी भांडत होतीस. म्हटलं, घरच्या भांडणात कशाला पडा."

तिने कपाळावर हात मारला. महाविद्यालयांच्या रोबोट स्पर्धेची ती पहिली सकाळ होती आणि तिचं शेवटचं वर्ष. लागोपाठ दोन वर्षं दुसरा नंबर पदरात पडला होता. गटातली मुलं तिला कप्तान म्हणत आणि तिच्या करड्या आवाजाला टरकून असत. या मुलाला त्याच्या गटात सावकाश म्हणत. का, ते तिला लवकरच कळलं.

स्पर्धेचे नियमच डोकं उठवणारे होते. पहिल्या दिवशी सकाळीच चिठ्ठ्या टाकून प्रत्येक फेरीसाठी दोन-दोन गटांच्या जोड्यांची यादी लागायची. या फेरीत ज्याच्या गळ्यात गळा, पुढच्या फेरीत त्याच्याशीच झुंज. दुसऱ्या दिवशी पहिल्या नंबरच्या गटाने सगळ्यांसमोर अंतिम फेरीसाठी जोडीदार मागायचा. मागितलेल्या गटाने नाही म्हटलं, तर मग त्याला कुणीच घ्यायचं नाही. त्याची स्पर्धा संपली.

दुसऱ्याच फेरीत तिच्या जोडीला आला तो सावकाश. फेरीला दहा मिनिटं उरलेली, आणि हा गृहस्थ समोरच्या गटाचं चाक बसवून देत बसलेला. ती तरातरा गेली आणि त्याला चांगलंच फैलावर घेतलं. त्याने शांतपणे शेवटचा स्क्रू पिळला.

"चार नंबरच्या फेरीत हेच तुझे जोडीदार आहेत," तो म्हणाला. "यादी वाचली नाहीस वाटतं."

वाचली नव्हती. तो बरोबर निघाला, याचा तिला जास्तच संताप आला. त्यात दोघांचे रोबोट एकमेकांना असे सांभाळून खेळले, की ती फेरी त्यांनी सहज मारली. शेवटच्या फेरीत मात्र तो समोर होता. तिच्या रोबोटने त्याच्या रोबोटला सणसणीत धडक दिली. काचेपलीकडून त्याने तिच्याकडे पाहिलं, हसला... आणि तिचं पुढचं बटण चुकलं. तरी नंबर तिचाच पहिला आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ध्वनिक्षेपक तिच्या हातात आला. तिने त्याच्या गटाचं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. सावकाश सावकाश उभा राहिला.

"आभार," तो म्हणाला, "पण... नाही."

सभागृहात कुजबुज पसरली. तिचे कान लाल झाले. घाईघाईने तिने दुसऱ्या गटाचं नाव घेतलं, त्यांच्याबरोबर दात-ओठ खाऊन खेळली आणि चार गुणांनी हरली. तिसऱ्यांदा दुसरा नंबर.

बक्षीस तिथेच टाकून ती थेट त्याच्या टेबलाशी गेली. त्याच्या रोबोटचा हात उघडा पडला होता. आतला सांधा पार वाकलेला.

"माझ्या धडकेने?"

त्याने होकारार्थी मान हलवली. "काल संध्याकाळी कळलं. दुरुस्त होण्यासारखं नव्हतं. हो म्हटलं असतं, तर तू हरली असतीस."

"मग सांगायचं ना मला."

"सांगितलं असतं, तर दुसऱ्या कुणाला घेतलं असतंस?"

घेतलं नसतं. आणि हे या शहाण्याला तिच्याआधी कळलं होतं!

"तुझ्याबरोबर हरले असते, तर दोघं हरलो असतो," ती म्हणाली. आवाज कापला, त्याचाही तिला राग आला. "आता मी एकटी हरले. तुला कुणी सांगितलं होतं परस्पर ठरवायला?"

तो पहिल्यांदाच गडबडला. हातातला पाना उगाच फिरवत राहिला.

"मला वाटलं... तुला जिंकायचं आहे."

"जिंकायचंच होतं. पण तुझं नाव काही मी गुण मोजून घेतलं नव्हतं."

बोलून गेली, मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. तोही बघतच राहिला. पाना खाली ठेवला गेला.

"पुन्हा विचारतेस?"

"मी कशाला? भर सभागृहात माझी शोभा झाली तेवढी पुरे. आता तू विचार. आणि जरा लवकर विचार, आमची गाडी—"

त्याने विचारलं. तीनच शब्द, तेही अडखळत, "माझी... जोडीदार... होशी—" त्याचा तिसरा शब्द होण्याआधीच ती वैतागून "हो" म्हणाली.