लेथचा पट्टा कोणी लपवला?

सागाचा जाड ओंडका लाकूड कातायच्या लेथवर गरगर फिरू लागला, तसे शेडचे पत्रे खडखडायला लागले. फळीवरची हातोडी सरकत सरकत कडेला आली आणि धाडकन खाली पडली, रंजिताच्या पायाच्या अगदी जवळ!

रंजिता भिंतीला चिकटली. हिरासिंगमामांनी मात्र मान वर केली नाही. हातातलं हत्यार ओंडक्यावर टेकवून ते कोरण्यात दंग होते. आणि ओंडक्याच्या बरोबर समोर, एका पोत्यावर, त्यांची धाकटी लेक वर्षा बसली होती. उडणारे लाकडाचे ढलपे ओंजळीत झेलायचा तिचा खेळ चालला होता.

सातवीची परीक्षा संपवून रंजिता यवतमाळहून मामाच्या बंजारा तांड्यावर सुट्टीला आली होती. तांडा पुसदपासून जवळच होता. मामा लेथवर पाळण्याचे पाय, लाटणी, भोवरे करायचे. सध्या ते एक मोठी काठवट कोरत होते. तांड्यातल्या लग्नात भाकरीचं पीठ मळायला ती हवी होती, आणि लग्न उद्यावर आलं होतं.

"मामा, मशीन लय हालून राह्यलं," रंजिता म्हणाली.

मामांनी हसून सांगितलं की लाकूड जड आहे, मशीन जुनं आहे, थोडं हलणारच. मशीनच्या पायांखाली विटांचे तुकडेसुद्धा त्यांनी ठोकून बसवले होते. त्यांनी हत्यार आणखी दाबलं. घरघर वाढली. तो ओंडका सुटला तर थेट वर्षाच्या अंगावर येईल, एवढंच तिला दिसत होतं.

दुपारची जेवणं झाली. तिने मामेभाऊ बादलला सगळं सांगितलं. बादल आधी हसलाच. शहरातल्या पोरी मिक्सरलाही भितात, असं म्हणाला. मग ती त्याला शेडमध्ये घेऊन गेली आणि वर्षाच्या पोत्यावर बसवलं. समोर, डोळ्यांच्या रेषेत, तो ओंडका होता. बादलचं हसू मावळलं.

मामा कडुनिंबाखाली बाजेवर आडवे झाले होते. उन्हात सारा तांडा गप्प होता. मामा कधीही उठतील, याची रंजिताला धास्ती होती. तरी तिने अट घातली, "मेन स्विच खाली केल्याबिगर कोणी हात नाही लावायचा." वर्षाला त्यांनी दाराबाहेर पहाऱ्यावर बसवलं.

स्विच खाली करून आधी दोघांनी मशीनचे पाय हलवून पाहिले. पक्के होते. वडिलांना मदत करून बादलला लाकूड काढणं-लावणं ठाऊक होतं. त्याने ओंडका धरणाऱ्या लोखंडी चकतीचे स्क्रू सोडवले आणि ओंडका खाली उतरवला. मग दोघं दारापाशी गेले, मेन स्विच वर केला आणि तिथलं बटण दाबलं.

घरघर तशीच होती! म्हणजे दोष लाकडाचा नव्हता. मशीनच्याच पोटात काहीतरी बिघडलं होतं. रंजिताला पळून जावंसं वाटलं. पण तिने स्विच खाली केला, आणि बादलने मोटारीवरून वर जाणारा पट्टा काढला. स्विच वर करून पुन्हा बटण दाबलं, तर मोटार एकटी शांत, एका सुरात फिरली.

"लाकूड नाही, मोटार नाही," बादल कुजबुजला. "मंग राह्यलं काय?"

राहिला होता वरचा दांडा आणि त्यावरची पुली, म्हणजे पट्ट्याने फिरणारं चाक. स्विच पुन्हा खाली करून बादलने पुली हाताने हळूहळू फिरवली. रंजिताने तिच्या कडेजवळ पेन्सिल स्थिर धरली. पुली पेन्सिलीजवळ यायची, लांब जायची, पुन्हा जवळ यायची. ती सरळ फिरतच नव्हती. रंजिताने फडक्याने तिच्यावरचा तेलकट भुसा पुसला. कडेपासून मधल्या भोकापर्यंत केसासारखी काळी भेग गेली होती. असं चाक जोरात फिरताना फुटलं, तर तुकडे थेट वर्षाच्या अंगावर येणार होते.

तेवढ्यात वर्षा धावत आत आली. "बा उठले!"

बादल जागीच थिजला. रंजिताने पट्टा वर्षाच्या ढलप्यांच्या पोत्यात कोंबला आणि त्यावर बसून घेतलं.

खाली उतरवलेला ओंडका पाहून मामांचा चेहरा लाल झाला. ते ओंडका परत चकतीवर कसू लागले. मग त्यांची नजर मोटारीकडे गेली.

"पट्टा कुठाय?"

"म्या लपवला," रंजिता म्हणाली. आवाज इतका कापत होता की तिलाच तो ओळखू येईना. "पहिले पुली पाहा, मामा. मले घरी धाडून द्या, पण पट्टा नाही देणार."

मामा पुढे आले. आता थप्पड बसणार, म्हणून तिने डोळे घट्ट मिटले.

दारातून रुपीबाईमामींचा आवाज आला. "पोरगी थरथरून राह्यली, तरी जागची हालत नाही. एकदा पाहून तं घ्या."

पुली किती मजबूत आहे हे दाखवायला मामांनी ती चिडून पकडली आणि हिसका दिला. कट्! कडेचा मोठा टवका त्यांच्या मुठीत आला.

मामा मटकन स्टुलावर बसले. त्यांनी हातातल्या तुकड्याकडे पाहिलं, मग पोत्याकडे. वर्षाला जवळ ओढून त्यांनी घट्ट धरलं.

"आवाज मलेबी येत व्हता, पोरी," ते म्हणाले. "घाईपायी म्या कान बंद केले."

काठवटीची चौकशी करायला तांड्याचे प्रमुख, नाईक धनसिंग आले, तेव्हा मामांनी काही न लपवता त्यांना सारं सांगितलं. नाईकांनी तो टवका हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि रंजिताच्या डोक्यावर हात ठेवला.

"पीठ परातीत मळू आम्ही," ते म्हणाले. "या पोरीनं आज आपलं लेकरू वाचवलं."

लग्न पार पडल्यावर मामा आणि बादल पुसदहून नवी पुली घेऊन आले. वर्षाचं पोतं शेडच्या बाहेर गेलं. मामांनी मशीन आधी रिकामंच चालू केलं, आणि लगेच लाकडाला हात न लावता दाराकडे वळून पाहिलं.

"रंजू, लावू का आता?"

रंजिताने बादलची बाही घट्ट धरली होती. भीती अजून गेली नव्हती. तिने कान देऊन ऐकलं, बराच वेळ ऐकलं. मग वर्षाला ओढून आपल्या पाठीमागे उभं केलं आणि म्हणाली, "लावा."