पृथ्वीची रेघ

हातमोजे घाला, हातमोजे घाला! एकोणीस वर्षं मी त्या प्रयोगशाळेत हेच बोंबलतेय. फिटरकाका ऐकतात, फरशी पुसणारी बाई ऐकते. फक्त सर ऐकत नाहीत, कारण ते सर आहेत.

तो उल्कापाषाण आला, तेव्हा मी कण काढून घेतल्याबरोबर सरांनी तो उघड्या तळहातावर घेतला. लिंबाएवढा, काळाकुट्ट. मग महिनाभर तो त्यांच्या कोटाच्या खिशातच होता. बैठकीत बाहेर काढायचा, पाहुण्यांना दाखवायचा, बोलता बोलता अंगठ्याने कुरवाळत बसायचं. मी आतल्या आत धुमसत होते.

माझं काम असं: दगडाचा कण लेसरने वितळवायचा, त्यातून सुटलेला ऑक्सिजन नळ्यांच्या लाइनमधून शुद्ध करून यंत्रात सोडायचा. ऑक्सिजन तीन वजनांचा असतो. समुद्र घ्या, डोंगर घ्या, नाहीतर माझा घाम घ्या, पृथ्वीवर त्या तिघांचं प्रमाण एकाच रेघेवर पडतं. त्या रेघेपासूनचं अंतर म्हणजे आकडा; पृथ्वीचा आकडा शून्य. लघुग्रहांचे आकडे या रेघेपासून दूर, प्रत्येकाचा निराळा. दगड कुठल्या लघुग्रहावरून तुटून आला, ते त्यावरूनच कळतं. आणि हा आकडा दगडाच्या हाडीमाशी असतो, खिशात ठेवून बदलत नाही.

पहिल्या दिवशी आकडा आला तीन पूर्णांक सहा. माहितीतल्या कुठल्याच लघुग्रहाशी जुळेना. सर हवेत! परिषदेत नवा लघुग्रह जाहीर करायचं ठरूनही गेलं.

पुढच्या आठवड्यात खात्रीसाठी सरांच्या खिशातला तोच दगड मागून घेतला आणि त्याचा नवा कण काढून लावला. दोन पूर्णांक एक. त्याच्या पुढच्या आठवड्यात एक. काल शून्य.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले नाहीत.

"तुमची लाइन गळतेय. बाहेरची हवा आत शिरतेय."

"गळत नाही, सर. मी रोज तो जुना उल्कापाषाण मापाला लावते. त्याचा ठरलेला आकडा दोन पूर्णांक आठ. कालही दोन पूर्णांक आठच आला."

"मग तुमच्या हाताचा घाम कणाला लागला असेल."

माझ्या! तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी टाइप केलेलं पत्र पुढे सरकवलं. निष्काळजीपणामुळे मला प्रयोगशाळेतून हटवावं आणि मी आजवर दिलेले सगळे आकडे संशयास्पद मानावेत. फक्त सही बाकी होती. एकोणीस वर्षांच्या कामावर एका सहीने बोळा फिरणार होता.

"हरवलात ना तुम्ही तो?" मी म्हणाले. "रस्त्यावरचा धोंडा उचलून खिशात टाकलात!"

ते लालबुंद झाले. खिशातला दगड काढून टेबलावर आपटला.

आवाज ऐकून आत आलेल्या फिटरकाकांनी तो उचलून भिंगाखाली धरला. "ताई, दगड तोच आहे. हा काप माझ्याच करवतीचा."

मी तो प्रयोगशाळेत नेऊन काचेच्या बाटलीत घातला, आत ओलाव्याचा अंशही नसलेला कोरडा नायट्रोजन भरला आणि तोंड सील केलं. आता तरी कुणी हात लावणार नव्हतं. सर पत्र हातात घेऊन, फिटरकाकांसह, मागोमाग आले होते.

"प्रश्न घामाचाच आहे ना?" मी म्हणाले. "मग दोघांच्याही अंगातलं पाणी लावू. आत्ता, तुमच्यासमोर."

थंड केलेल्या नळीत तोंडाने श्वास सोडायचा. वाफ गोठते, थेंब मिळतो. पाण्यातलाही ऑक्सिजन यंत्राला चालतो. माझा थेंब दोन मिनिटांत जमला.

सर श्वास सोडत राहिले. पाच मिनिटं. दहा. फिटरकाकांनी नळी उजेडात धरून पाहिली, पुन्हा त्यांच्या हातात दिली. वीस मिनिटांनी कसाबसा एक थेंब जमला.

"सकाळपासून पाणी प्यायलो नाही," सर म्हणाले. त्यांच्या हातातला ग्लास रिकामा होता. तो मी मघाशीच भरून दिला होता.

दुपारी आकडे आले.

जुना उल्कापाषाण: दोन पूर्णांक आठ.

मी: शून्य.

सर: तीन पूर्णांक सहा.

मी सरांचं उरलेलं पाणी पुन्हा लावलं. दगडाचा पहिल्या दिवशीचा आकडाच पुन्हा आला: तीन पूर्णांक सहा.

फिटरकाका खुर्चीवरून उठले आणि दाराशी जाऊन उभे राहिले.

सरांनी यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं. त्यांना आकड्याचा अर्थ माझ्याइतकाच कळत होता. मला वाटलं आता ओरडतील. मला ते हवंच होतं. ओठांवर आलेलं सगळं मी ऐकवणार होते.

"म्हणजे लाइन ठीक आहे," ते शांतपणे म्हणाले. त्यांनी पत्राचे चार तुकडे केले. "चूक माझी. तसं लिहून देतो."

मी जिंकले होते. माझे सगळे आकडे खरे होते, आणि हा आकडाही माझाच होता. राग कुठे ठेवू तेच कळेना.

त्यांनी कोरा कागद ओढला. दिसेना म्हणून चष्मा काढला आणि पुसायला एका काचेवर तोंडाने वाफ सोडली.

काचेवर वाफ धरलीच नाही.

टेबलावरच्या, दगड ठेवलेल्या सीलबंद बाटलीला आतून वाफ धरली. हळूहळू विरली.

सरांनी दुसऱ्या काचेवर वाफ सोडली.