डाव्या चपलेचा तळ

"महिना नाही झाला जोड घेऊन, आणि डावीच तेवढी कशी झिजते म्हणतो मी!"

पेशी वाढवायच्या खोलीच्या दारात, बाहेरचे बूट काढून आतल्या चपला घालताना शेजारी कुणीतरी पुटपुटलं. मिझुहो त्या दिवशीच तोक्योच्या त्या प्रयोगशाळेत रुजू झाली होती.

"तुम्ही एकाच पायाने चालत असाल," ती बोलून गेली… आणि कानापर्यंत लाल झाली.

"पहिल्याच दिवशी टोमणा? मग कॉफी तुमच्याकडून." तो तोकुनागा, तिथलाच संशोधक.

कॉफी मात्र रोज त्यानंच आणली. नाणं टाकून यंत्रातून काढलेला कॉफीचा गरम डबा उजव्या हातानं तिच्या ओंजळीत ठेवायचा. डावा हात खिशात. मग सूक्ष्मदर्शकाच्या काळोख्या खोलीत दोघं पेशी मोजत बसत. पेशीला ऊर्जा देणारी एखादी तंतुकणिका बिघडली, की तिच्यावर हिरवी खूण उमटे आणि पेशी तिला गिळून टाके. जिथं खूणच उमटत नाही, तिथं बिघाड साचत जातो. मेंदूत असं झालं की माणसाला कंपवात गाठतो.

"ती बघा, उमटली!" मिझुहो कुजबुजे. "बघितलीत?"

"नाही… मी दुसरीकडे बघत होतो."

नव्या वर्षाला तो तिला मात्सुएला, आपल्या गावी, आईशी ओळख करून द्यायला नेणार होता. मग म्हणाला, प्रयोग संपू दे. मग कॉफीही थांबली. उरला फक्त त्याच्या चपलेचा आवाज – फर्र… टप. तो आला की प्रयोगशाळेचे प्रमुख मारुयामा सर कागदात डोकं खुपसत. जन्मभर हाच आजार अभ्यासलेली माणसं. पण त्या घासत चालणाऱ्या पायाकडे बघायची एकाची छाती होईना.

फेब्रुवारीत मिझुहोनं त्याच्यासाठी नवा जोड आणला, जुना उलटा करून पाहिला. उजवीचा तळ कोरा. डावीचा, अंगठ्यापाशी, पार भोक पडलेला.

"टाकून द्या त्या," मागून तोकुनागा म्हणाला.

"नाही टाकणार. सगळ्यांना दिसतंय, कोहेइ." पहिल्यांदाच तिनं त्याला नावानं हाक मारली. "एवढीशी पेशी बिघाडावर खूण करते, आणि आपण सगळे नुसते माना फिरवतो."

"मिझुहोसान, नको ना…" त्याचं अदबीचं 'सान' सुटेना.

"दवाखान्यात मी शेजारी बसणार. मात्सुएच्या गाडीतही."

त्यानं खिशातला डावा हात काढला आणि तिच्या तळव्यावर ठेवला. तो तिथंही थरथरतच होता.

"म्हणून तुला आईकडे नेलं नाही," तो म्हणाला. "मला कंपवात झालाय, मिझुहो."