गाडीसकट साडेअठरा

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. आठवीनंतर शाळा सुटली. मला साधंच लिहिता येतं. गंगारामकाकांनी सांगितलं तसं लिहितो.

काकांनी तीस वर्षं ट्रक चालवला. आता ते आमच्या जांभ्याच्या चिरेखाणीवर राखण करतात. परवा रात्री जेवून आम्ही तिघे ड्रायव्हर त्यांच्या खोपीत बसलो होतो. सकाळी माझी पहिली फेरी होती, संगमेश्वरला. गाडी संध्याकाळीच भरून ठेवलेली.

"किती भरलेस रे?" काकांनी विचारलं.

"पावणेसहाशे चिरे. साडेअठरा टन होतात. दारावर आरटीओचं तेवढंच पासिंग लिहिलंय."

"वाचता येतं हां याला!" आमच्यातला रूपेश फिसकन हसला.

काका हसले नाहीत. "माझा भाचा हर्षद पण हेच बोललेला," ते म्हणाले. विडी विझली तरी त्यांनी ती परत पेटवली नाही.

"गेल्या वर्षीची गोष्ट. सतरा नोव्हेंबर, रविवार. एवढेच चिरे घेऊन हर्षद निवळी घाट उतरत होता. एकटाच. रात्रीचे पावणेबारा वाजलेले. अर्ध्या उतारावर ब्रेक जळल्याचा वास आला. पहिल्या गिअरवर कशीबशी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला. तरी गाडी बोट बोट पुढे सरकत होती. पुढे वळण. त्याच्याखाली दरी. ब्रेकवरचा पाय उचलायची सोय नाही.

"तेवढ्यात मागून कोण तरी बोललं. अगदी कानाशी.

"'गाडीसकट रे... गाडीसकट.'

"केबिनमध्ये कोणी नाही."

"म्हणजे काय, काका?" मी विचारलं.

"मेल्या, साडेअठरा म्हणजे गाडी धरून! रिकामी गाडीच साडेसहा टन. माल बसतो बारा. पावणेचारशे चिरे. हर्षदला ते तेव्हा कळलं.

"मग मागे आवाज आला. ठक्.

"चिऱ्यावर चिरा ठेवल्याचा.

"ठक्.

"आरशात बघवेना त्याला. नुसता मोजत राहिला. पन्नास... शंभर... स्प्रिंगचे पाटे करकरले. गाडी मागून उचलली जात होती. दीडशे... सरकणं थांबलं.

"दोनशे.

"मग काही नाही..."

काकांनी विझलेली विडी बाहेर टाकली.

"उजाडल्यावर हर्षद खाली उतरला. रस्त्याकडेला दोनशे चिरे रचलेले. कोपऱ्याला कोपरा लावून, आपण खाणीवर रचतो तसे. आणि गाडीचा मागचा फाळका बंद. दोन्ही कड्या लावलेल्या."

आम्ही तिघेही खोपीतच झोपलो.

सकाळी सहाला मी माझ्या गाडीवर चढलो आणि चिरे उतरवायला लागलो. मालक आले, ओरडायला लागले, आईवरून बोलले. मला उलट बोलता येत नाही.

मी मोजत राहिलो.