पाच वाजून दहाचा निरोप

ललितच्या होडीवरचा पिवळा डबा स्नेहलने उघडला. डब्याने पहाटे पाच दहाला ऐकलेला निरोप जपून ठेवला होता: "महादू. मदत." लगेच प्रतापच्या डब्याचं उत्तर: "मिळाला."

आता दहा वाजले होते. किनाऱ्यावर काहीच पोचलं नव्हतं आणि महादूचा पत्ता नव्हता.

हे डबे स्नेहलनेच बसवले होते. समुद्रात मोबाईलला रेंज नसते, म्हणून एका होडीचा निरोप दुसरी होडी उचलते आणि पुढे ढकलते, थेट आलेवाडीच्या धक्क्यापर्यंत.

"ललितदादा, पहाटे कुठे होतात?"

"केलव्यासमोर. पन निरोप प्रतापच्या डब्यानं आधीच उचललेला. म्हनून माझा डबा गप रायला."

प्रताप धक्क्यावरच होता. सकाळपासून सगळ्यात मोठ्याने तोच ओरडत होता. महादू त्याच्या बहिणीचा, वत्सलाचा नवरा. शोधायला गेलेल्या होड्याही त्यानेच उत्तरेला डहाणूकडे धाडल्या होत्या.

"तुमचा डबा चालू होता?"

"नाय. पानी गेलेलं."

स्नेहल त्याच्या होडीत उतरली. डबा कोरडा, बॅटरी भरलेली. फक्त डोलकाठीवर जाणारी लांब तार काढलेली होती. खाली ताडपत्रीतून लाखमोलाच्या सहा घोळ माशांच्या शेपट्या दिसत होत्या.

"रात्री कुठे होतात?"

"डहाणूकडं. सांगितला ना! महादू पन तिकडंच."

"खोटं," ती म्हणाली. माणसं जमली.

"निरोप पुढे पाठवला की त्यासोबत आपली जागा किनाऱ्याला कळते. घोळ कुठे लागला ते तुम्हाला लपवायचं होतं, म्हणून लांब तार काढलीत. आखूड तार राहिली. ती शेजाऱ्याला 'मिळाला' म्हणते, पण किनारा गाठू शकत नाही. तिचा आवाज तीन मैलांपलीकडे जात नाही, आणि तो ललितदादांनी केळव्यासमोर ऐकला. तुम्ही तिथेच होतात. आखूड तारेला लांबचं ऐकूही येत नाही, म्हणजे महादूदादाही जवळच होते."

"माझीही चूक आहे. शेजाऱ्याचं उत्तर आलं की डबा निश्चिंत होतो. किनाऱ्याची पोच येईपर्यंत त्याने दुसरी वाट शोधायला हवी होती. तसं मी केलं नाही."

प्रताप खाली बसला. "निरोप मी बघितलेला, पन बुडेल असा नाय वाटला... केलव्याच्या खडकापासून दोन मैल, दक्षिनेला."

ललितने लगेच इंजिन सुरू केलं. वत्सला धक्क्यावर उभीच राहिली. तिच्याकडे बघायची कुणाची छाती नव्हती.

साडेबाराला धक्क्यावरच्या डब्यात ललितचा निरोप आला. स्नेहलला तो वाचून दाखवावा लागला.

"सापडला. रिकाम्या कॅनला बांधून घेतलेला. जीव नाय. अंग अजून आखडला नाय, आताच गेला."

वत्सला रडली नाही. ती भावासमोर येऊन उभी राहिली.

"दादा, मी सकाळी तुजे पाय धरलेले, कुठं हाय सांग म्हनून. तवा तो जिता होता ना रे?"